आगीआधी दोर: वनमेळ्यात रानातलं कसब दाखवणाऱ्या नवख्यांसाठी

वनमेळ्यात बुशक्राफ्टचा, म्हणजे रानातल्या सामानावर भागवायच्या कसबाचा, कोपरा सांभाळायची जबाबदारी अंगावर आली की नवख्याच्या डोक्यात सगळ्यात आधी आग येते. चकमकीची ठिणगी, धूर, टाळ्या. माझं सांगणं असं की पहिल्या वर्षी दोर वळायला शिका आणि तोच शिकवा. आग एक जण पेटवतो, बाकीचे पन्नास जण मोबाईल वर धरून बघतात. दोर मात्र समोर बसलेला प्रत्येक जण स्वतः वळतो आणि वळलेला तुकडा घरी घेऊन जातो. लोकांच्या हाताला काही लागलं तरच कसब पुढं जातं.

हे लिहिलंय ते बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी, गुंजी, लोंढा, नागरगाळी या पट्ट्यात शाळेच्या, मंडळाच्या किंवा एखाद्या निसर्गगटाच्या मेळ्यात उभं राहणाऱ्यांसाठी. दुसऱ्या मुलखातल्या जंगलाचे व्हिडिओ बघून शिकलेलं इथं बरंचसं उपयोगी पडत नाही. आपली झाडं वेगळी, पाऊस वेगळा, आणि लोक तर रोज कोयता हातात घेणारे.

आधी हंगाम बघा, मग काय दाखवायचं ते ठरवा

वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात मंत्री असताना, १९५० साली तो सुरू झाला आणि पाऊस लागल्यावर रोपं लावायला तो काळ उत्तम. पण जुलैत कणकुंबी-आमगावकडचा पाऊस ज्यानं बघितलाय, तो त्या दिवसांत आगीचं प्रात्यक्षिक ठेवणार नाही. हवाच एवढी ओली असते की आदल्या रात्री सुकवलेला कापूससुद्धा सकाळी दमट लागतो. पावसाळ्यात निवारा, गाठी आणि दोर एवढंच ठेवा. शाळेच्या पडवीत बसूनही होतं.

ऑक्टोबरात २ ते ८ तारखेला वन्यजीव सप्ताह असतो. तेव्हा रान हिरवं असतं, पानं कोवळी नसतात पण चिवट असतात. पत्रावळी लावायला हा काळ चांगला.

सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे सुगी संपल्यावरचा, डिसेंबर ते जानेवारी. भात कापून झालेलं असतं, शेतं मोकळी असतात, संध्याकाळी थंडी पडते आणि लोकांना सवड असते. आग दाखवायची तर याच दिवसांत. फेब्रुवारीच्या मध्यापासून पानगळ जोरात होते, आणि मार्च ते मे या काळात उघड्यावर एकही ठिणगी पाडायची नाही. त्या दिवसांत मेळा असेल तर आगीचं सामान घरीच ठेवा, म्हणजे कुणाच्या आग्रहाला बळी पडायची वेळच येणार नाही.

जागा मालकीची निवडा. भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये घोषित झालं. त्याच्या हद्दीत हेम्माडगा, तळेवाडी असा भाग येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात आग लावता येत नाही, आणि राखीव जंगलात आग पेटवणं कर्नाटक वन कायदा, १९६३ प्रमाणेही गुन्हा आहे. तिथून लाकूड, बांबू, साल काढून आणणं तर सोडूनच द्या. मालकीचं शेत असलं तरी जंगलाला लागून असेल तर वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, एक प्रत पंचायतीत द्या आणि पोच घ्या. कचेरीचं कामकाज कन्नडमध्ये चालतं, त्यामुळं अर्ज कन्नडमध्ये नीट लिहून घेतलात तर काम लवकर होतं. अर्जात तीनच गोष्टी स्पष्ट लिहा: जागा कुठली, आग पेटवणार की नाही, आणि सामान कुठून आणणार.

माझ्या मते सगळ्यात उत्तम जागा म्हणजे मळणीचं खळं. शेणानं सारवलेलं, सपाट, चारी बाजूंनी मोकळं. लोक आपोआप गोल बसतात. आसपासचं गवत आणि पिंजर मात्र दोन-तीन मीटरपर्यंत खरवडून काढा. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं ती याचसाठी.

शिकायचं कुणाकडं

आपल्याकडं शिकवणारे आहेत. हे कितीतरी नवख्यांच्या लक्षातच येत नाही. रानाच्या कडेला राहणारे गवळी-धनगर, कुणबी, बांधावर बांबू राखणारे शेतकरी, बुरूड, खानापूरचे कुंभार. यांच्यातल्या साठी-सत्तरीच्या माणसांना जे येतं ते तुम्हाला कुठल्याही शिबिरात पैसे भरून मिळणार नाही. त्यांच्याकडं जा. रिकाम्या हातानं जाऊ नका आणि आल्या आल्या मोबाईलचा कॅमेरा सुरू करू नका. ‘आज्जा, दावं कसं वळता ते बघायचं होतं’ एवढं म्हणून बसा. चहा येईल, मग कौलाखालून वाख, म्हणजे दोराचा धागा, निघेल.

त्यांना मेळ्याला बोलावणार असाल तर खुर्ची द्या, मानधन द्या, जायला-यायला गाडी द्या. पाटीवर त्यांचं नाव त्यांना विचारून, त्यांना हवं तसं लिहा. आणि त्यांना शोभेच्या वस्तूसारखं बाजूला बसवून स्वतः माईक धरू नका. कसब त्यांचं आहे, तर मधल्या जागेवर ते बसतील आणि तुम्ही पाणी, वाख, चिंध्या पुरवणारे मदतनीस. याबाबत मी फार आग्रही आहे, कारण मेळा संपल्यावर लोकांना गावातलं कोण आठवतं यावर पुढची पिढी कुणाकडं शिकायला जाईल ते ठरतं.

दोर कसा शिकवायचा

आपल्याकडं वाखाची रेलचेल आहे. केवण, म्हणजे मुरुडशेंगेचं झुडूप, तिची साल दोराला जुनी प्रसिद्ध. शेंग पिळदार असते म्हणून बाळगुटीत उगाळतात, ती हीच. अंबाडी शेताच्या कडेला लावतात, भाजी खातात आणि ताटांचा वाख काढतात. बांधावरच्या घायपातीचा वाख सगळ्यात दणकट, पण ताज्या पानांचा रस अंगाला लागला की खाज सुटते आणि कधी पुरळही उठतं, म्हणून मुलांपुढं पान ठेचायचं नाही. वाख आधीच काढून, धुऊन, वाळवून न्या.

नवख्यांनी सुरुवात मात्र केळीच्या सोपटानं करावी. फुलवाले हार बांधायला वापरतात ते. वाळलेल्या सोपटाच्या बोटभर रुंद पट्ट्या काढा आणि अर्धा तास पाण्यात ठेवा. त्या मऊ होतात, हाताला टोचत नाहीत, आणि एकही झाड तोडावं लागत नाही. केळीच्या बागायतदाराकडं ढीग पडलेला असतो, विचारलं तर फुकट देतो.

समोर चार गोष्टी क्रमानं मांडून ठेवा: सालीसकट काठी, कुजवून काढलेला वाख, अर्धा वळलेला दोर, आणि तयार झालेलं दावं किंवा शिंकाळं. मधूनच येऊन उभ्या राहिलेल्या माणसालाही, न विचारता, कुठून कुठं जायचंय ते दिसतं. अंबाडीची ताटं पाण्यात किती दिवस कुजत घालायची, हे बायका हमखास विचारतात. साधारण दोन आठवडे, पण पाणी साठलेलं आहे की वाहतं आणि थंडी किती यावर ते कमी-जास्त होतं. साल बोटानं सहज सुटायला लागली की काढायची. जास्त दिवस राहिली तर वाखच सडतो.

आता वळणं. हे हळू सांगा आणि सांगताना स्वतः करत राहा.

हातभर लांब पट्टी घ्या. ती बरोबर मधोमध धरू नका. एक बाजू लांब, एक आखूड अशी धरा, म्हणजे पुढं नवी पट्टी जोडायची वेळ दोन्हीकडं एकदम येणार नाही. दोन हातांच्या चिमटीत धरून विरुद्ध दिशेनं पीळ देत राहा. पीळ भरला की मध्ये आपोआप एक फासा तयार होतो. तो फासा डाव्या हाताच्या चिमटीत धरा. आता दोन पदर उजवीकडं लोंबतायत. वरचा पदर आपल्यापासून दूर फिरवून पीळ द्या, मग तोच पदर आपल्याकडं आणून खालच्या पदरावरून टाका. आता दुसरा पदर वर आला. त्यालाही तसंच. दूर पीळ, जवळ टाक. एवढंच आहे.

दोन्ही पदरांचा पीळ उलगडू बघतो, पण त्यांना एकमेकांभोवती गुंडाळलंय ते उलट दिशेनं. एक सुटायला गेला की दुसरा आवळतो. म्हणून दोर सोडून दिला तरी तसाच राहतो. लहान मुलांना हे शब्दांत सांगू नका. त्यांच्या हातातला वितभर दोर सोडायला सांगा आणि उलगडतोय का ते बघायला लावा. तोंडावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

पदर बारीक व्हायला लागला की नवी पट्टी त्याच्याबरोबर बोटभर आत ठेवून पिळात घ्या. गाठ मारायची नाही. दोन्ही पदरांचे जोड एकाच ठिकाणी आले तर दोर तिथंच तुटतो.

म्हातारी माणसं हे चिमटीनं करत बसत नाहीत. धोतर किंवा लुगडं गुडघ्यावर घेऊन दोन्ही पदर मांडीवर शेजारी शेजारी ठेवतात, ओल्या तळव्यानं पुढं सारतात, तेवढ्यात दोन्हींना पीळ बसतो. मग हात किंचित उचलून मागं ओढला की ते दोन पदर एकमेकांभोवती स्वतःच गुरफटतात. तळवा पुढं, तळवा मागं, आणि दर खेपेला वितभर दोर सरकतो. हे जवळून बघायला मिळावं म्हणून आज्जांच्या उजव्या बाजूची जागा मुलांसाठी मोकळी ठेवा. डावीकडून हातच दिसत नाही.

एका वेळी आठ-दहा जण पुरे. वीस मिनिटांत वितभर दोर होतो आणि मुलं त्याचं कडं करून मनगटात घालतात. शेवटी कुणाचा तरी हातभर दोर घेऊन, चांगला वळलेला असेल तर दुहेरी करून, पाण्यानं भरलेली कळशी उचलून दाखवा. कळशी जमिनीपासून वितभरच उचला आणि खाली कुणाचा पाय नाही ना बघा.

दोर झाला की गाठी ओघानं येतात. सुरगाठ आणि निरगाठ घरोघरी माहीत असतात. गुरं बांधायची गाठ एखाद्या गवळ्याला दाखवायला सांगा: बैलानं कितीही ओढलं तरी आवळत जाते, आणि माणसानं एक टोक ओढलं की क्षणात सुटते. शहरातल्या मुलांना यापेक्षा मोठं नवल नसतं.

पत्रावळ

पळस, कुंभा, वड, फणस, जे बांधावर असेल त्याची पानं. पानं सकाळी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, दुपारपर्यंत टिकतात. टाचायला बांबूच्या बारीक चोया किंवा खराट्याची हीर तासून घ्या. पहिलं पान मध्ये, बाकीची कडेनं एकावर एक, देठ आत दुमडून. काडी खालून वर आणि पुन्हा खाली घालून जास्तीची मोडायची. नवखा माणूस काडी फार मोठी ठेवतो आणि मग जेवताना ती बोटाला लागते. दोन पेरांच्या मधल्या भागाएवढी बस्स.

द्रोण त्याहून सोपा, फणसाच्या चार पानांत होतो. त्यात गूळ-शेंगदाणे घालून ज्यानं बनवला त्यालाच द्या.

रानभाज्या आणि कंद मात्र लोकांना खायला घालू नका. ओळखून, शिजवून, धुऊन खाण्यात म्हाताऱ्यांचं सगळं आयुष्य गेलंय, आणि वीस मिनिटांच्या प्रात्यक्षिकात ती ओळख होत नाही. काजऱ्याचं लालसर-पिवळं फळ मुलांना फार आवडण्यासारखं दिसतं आणि त्याच्या बिया जहाल विषारी असतात. अशी दोन-तीन झाडं दाखवून ‘याला हात लावायचा नाही’ एवढं शिकवलं तरी खूप झालं.

कोयता आणि चाकू

इथल्या प्रेक्षकांतले निम्मे लोक तुमच्यापेक्षा चांगला कोयता चालवतात. त्यांच्यासमोर फार मिरवू नका. तुमचं काम शहरातून आलेल्यांना सुरक्षित धरायला शिकवणं.

कोयता कमरेच्या आकडीला किंवा ओंडक्यात रुतवलेला, तिसरी जागा नाही. काम सुरू करण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती फिरा, त्या फेऱ्यात कुणीही असता कामा नये. तोडायचं ते ओंडक्यावर, जमिनीवर नाही. दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडं, आणि त्यानं ‘धरला’ म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. बसून तासताना कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि धार अंगापासून बाहेर जाऊ द्या. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते, तिथं लागलं तर खानापूरच्या दवाखान्यापर्यंत जायलाही वेळ पुरत नाही.

मुलांना कोयता देऊ नका. बांबूचा चमचा किंवा उलथनं घासायला काचकागद द्या, तेवढं पुरतं. बांबू शेतकऱ्याच्या बांधावरचा, विकत घेतलेला. माणगा मिळाला तर उत्तम, तो भरीव असतो आणि त्याला काटे नसतात.

आग, आता

एवढं सगळं नीट जमायला लागलं की आगीकडं या.

चकमकीनं सुरुवात करा. गारगोटीचा धारदार कडेचा तुकडा आणि जुन्या कानशीचं पोलाद. गावच्या लोहाराकडून कानस तापवून बोटात बसेल अशी वाकवून घ्या, आणि पाणी द्यायला सांगा, कारण मऊ लोखंडाला ठिणगी येत नाही. ठिणगी दगडातून निघत नाही. दगडाची धार पोलादाचा बारीक कण खरवडते आणि तो कण हवेत पेटतो. हे लोकांना जरूर सांगा, कारण जवळजवळ सगळ्यांची समजूत उलटी असते.

ती ठिणगी झेलायला जळका कापूस लागतो. जुन्या सुती धोतराचे बोटभर तुकडे तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत घाला, झाकणाला खिळ्यानं एकच बारीक भोक पाडा आणि डबी निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर येतो. धूर थांबला की काढा, डबी पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. आतला कपडा काळा, विणलेला तसाच, पण हातात घेतला की चुरा होईल इतका नाजूक झालेला असतो. भुरा राहिला तर कमी भाजला, राख झाला तर हवा आत गेली. नायलॉन मिसळलेलं कापड चालत नाही, त्याचा गोळा होतो.

कापडाशिवाय दाखवायचं असेल तर सावरीचा कापूस असाच डबीत भाजून घ्या. भेरली माडाच्या पानांच्या बुडाशी जो तपकिरी लोकरीसारखा भुसा सापडतो, तोही ठिणगी धरायला जुन्या काळापासून वापरात आहे.

जळक्या कापसाचा तुकडा दगडाच्या कडेवर अंगठ्यानं दाबून धरा, आणि पोलाद वरून खाली घासून आणा. आपटायचं नाही, घासायचं. एक ठिणगी कापसावर बसली की तिथं लाल टिंब दिसतं आणि सावकाश पसरत जातं. घाई करू नका, त्याला ज्वाळा नसते, ते लगेच विझतही नाही. वाळल्या नारळाच्या शेंडीचं घरटं करून मध्ये ते ठेवा, तोंडासमोर धरून लांब, हळू फुंकर घाला. आधी पांढरा धूर, मग दाट पिवळसर, आणि भडका. भडका झाला की घरटं चुलीत. हातात धरून फोटो काढत बसू नका.

धनुकलीनं, म्हणजे छोट्या धनुष्याच्या दोरीत दांडी अडकवून ती फळीवर घुसळून, आग काढणं याच्यापुढची पायरी. यज्ञात अरणी घुसळून अग्नी काढतात, दोरी ओढून मंथा फिरवतात, तत्त्व तेच. फळीला आणि दांडीला हलकं लाकूड घ्या, पांगारा किंवा सावर, पूर्ण वाळलेलं. अंगठ्याच्या नखानं दाबलं तर खूण उठली पाहिजे. वरून दाबायला नारळाची करवंटी, तिच्या आत तेलाचा थेंब. फळीच्या कडेला, दांडी फिरते त्या भोकापर्यंत, पाचरीच्या आकाराची खाच काढा, म्हणजे घासून निघालेला भुसा तिथं साठेल. भुसा तपकिरी असेल तर जोर कमी पडतोय. काळा व्हायला लागला आणि तुम्ही थांबल्यावरही त्यातून धूर येत राहिला, तर निखारा झाला. तो लगेच उचलू नका, घट्ट व्हायला अर्धा मिनिट द्या.

फळी आणि दांडी आदल्या आठवड्यापासून चुलीवरच्या फळीवर ठेवा. आपल्या हवेत हे केल्याशिवाय जमणं कठीण. मेळ्यात हे दाखवणार असाल तर समोरच्या दोन माणसांना धनुकलीची दोन टोकं ओढायला द्या. एकट्याच्या घामापेक्षा दोघांच्या ओढाताणीत लोक जास्त रमतात, आणि निखाराही लवकर येतो.

आगीच्या वेळी कधीही न विसरायच्या गोष्टी:

बांबूचं पेर न फोडता चुलीत घालायचं नाही. आतली हवा तापून ते फटाक्यासारखं फुटतं आणि चिपा डोळ्यात जातात. उभा चिरून मगच घाला.

नदीतले गोटे चुलीला लावायचे नाहीत. आत पाणी मुरलेलं असेल तर तडकतात. शेतातले वाळके दगड घ्या.

बिब्ब्याचं लाकूड जाळायचं नाही, त्याच्या धुरानं अंगाला आणि डोळ्यांना फोड येतात. कण्हेरही नाही. कुठलं लाकूड आहे ते कळलं नाही तर ते बाजूला ठेवायचं.

दोन भरलेल्या घागरी आणि ओली गोणपाटं हाताशी हवीत. आग पेटवणाऱ्याशिवाय दुसरा एक माणूस फक्त आग विझवायला ठेवा. वारा सुटला तर आग विझवायची, कितीही लोक थांबलेले असोत.

कपडे सुती किंवा लोकरीचे. घोंगडी पांघरून बसा, ठिणगी पडली तर लोकर पेटत नाही, करपून थांबते. नायलॉनचं जाकीट वितळून कातड्याला चिकटतं.

निवारा आणि पाणी

ताडपत्री, आपण वळलेला दोर आणि दोन मेढी एवढ्यावर निवारा उभा राहतो. आढ्याचा दोर ताणून बांधा, आणि ताडपत्रीची पाठ वाऱ्याकडं ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेचा. दोरावरून ओघळणारं पाणी आत येऊ नये म्हणून ताडपत्रीच्या बाहेर, दोरावर एक चिंधी बांधा, पाणी तिथूनच खाली गळतं. घोंगडीची खोळ आणि इरलं मिळालं तर शेजारी ठेवा. अंगात घातलेला निवारा तो हाच.

पाण्याचं प्रात्यक्षिक निवळीच्या बीनं करा. मातीच्या भांड्याच्या आतून बी उगाळायचं, गढूळ पाणी ओतायचं, आणि गाळ खाली बसताना दाखवायचं. भांडं खानापूरच्या कुंभाराकडचं घ्या, पाटीवर तसं लिहा. पण निवळलेलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे पिण्याजोगं झालं असं नाही, हे तीनदा सांगा. खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळलं पाहिजे.

अंगाची काळजी

डिसेंबर ते मे हा आपल्या मेळ्यांचा काळ, आणि माकडतापाचाही. हा आजार पहिल्यांदा १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, पुढं गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातही आला. म्हणजे आपण मधोमध आहोत. गोचिडीतून पसरतो. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली विजार, आणि पाचोळ्यावर थेट बसायचं नाही. गोचीड पळवणारं तेल प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं का ते आधी विचारा. संध्याकाळी घरी गेल्यावर मुलांची काखा, मान, कानामागची जागा बघायला पालकांना सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. मेळ्यानंतर आठवड्याभरात ताप आणि जोराची डोकेदुखी आली तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे आधी सांगायचं.

खाजकुइलीच्या शेंगा याच दिवसांत वाळतात. जागा ठरवताना झुडपं तपासा आणि वेल असेल तर तिकडं दोर बांधून रस्ता बंद करा.

साप चावला तर आवळपट्टी नाही, कापणं नाही, चोखणं नाही. माणसाला झोपवा, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष चालतं. आपल्या रानातला हिरवा चापडा त्यात येत नाही, पण दवाखाना त्याच्यासाठीही लागतोच. जवळचा दवाखाना कुठला, तिथं प्रतिविष आहे का, मोबाईलला रेंज कुठं येते, हे मेळ्याच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. जांबोटीच्या पुढं रेंजचा भरवसा धरू नका.

बोलणं

समोर मराठी, कन्नड आणि कोकणी बोलणारे एकत्र बसलेले असतात. शेजारी कन्नड नीट येणारा जोडीदार घ्या. निदान धोक्याचे शब्द तरी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत तुमच्या तोंडात हवेत: ‘हिंदक सरीरी’ म्हणजे मागं सरका, ‘मुट्टब्याडरी’ म्हणजे हात लावू नका, ‘निधान’ म्हणजे सावकाश. कोयता उगारलेला असताना भाषांतर करायला वेळ नसतो.

भाषण करू नका. हात चालू ठेवा आणि हात जे करतायत तेवढंच बोला. कुणी मध्येच ‘आमच्या गावात असं नाही करत, असं करतात’ म्हणालं तर लगेच त्याच्या हातात वाख द्या आणि जागा द्या. माझ्या बघण्यात मेळ्यातले सगळ्यात चांगले क्षण असेच आलेत. एखाद्या आजीनं पदर खोचून बसकण मारली की गर्दी दुप्पट होते.

आवराआवर

शेवटची आग मेळा संपायच्या एक तास आधी विझवा. पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेवर हाताची उलटी बाजू धरून ऊब लागत नाही ना ते बघा. गार राख शेतमालकाला विचारून परसात टाका. चुलीचे दगड जिथून आणले तिथं ठेवा.

सोपटाचे तुकडे आणि पानं कंपोस्टला, प्लास्टिक तेवढं परत गाडीत. रात्री रानात कुणाला टॉर्च घेऊन फिरायला नेऊ नका, आणि भीमगडच्या बारापेडे गुहांकडं तर मुळीच नको. तिथं राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात अगदी मोजक्या ठिकाणी सापडतं.

उसने आणलेले कोयते पुसून, तेल लावून, त्याच दिवशी ज्याचे त्याला पोचवा. मानधनाचं पाकीट आज्जांच्या हातात मेळा संपायच्या आत द्या, नंतर हिशोब करू म्हणू नका. आणि त्यांनी वळलेला दोर उरला असेल तर तो त्यांचाच, मंडळाच्या कपाटात ठेवायचा असेल तर किंमत विचारून विकत घ्या.